चार वाजताची खो-खो

“‘काहीतरी चुकले. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’” अप्पांनी टीव्हीवरचं वाक्य खड्या आवाजात वाचलं आणि रिमोट मांडीवर आपटला. “काहीतरी म्हणजे काय रे बाबा? काय चुकलं ते सांग की! एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबावर चढलो मी. खाली उतरून सायबाला ‘काहीतरी चुकलंय’ म्हणलो असतो ना, तर सायबानं मला त्याच खांबाला बांधून घातलं असतं!”

मी प्रथमेशकडं बघितलं. प्रथमेश आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. बघेल नाहीतर काय करेल? ते वाक्य त्यानंच लिहिलं होतं.

ह्याला आता आठ वर्षं झाली. प्रथमेश पुण्यात एका कंपनीत होता. टीव्हीवर, फोनवर, बँकेच्या यंत्रावर इंग्रजीत ज्या सूचना येतात त्या मराठीत करायचं त्याचं काम. मराठी घेऊन एम. ए. केलेला माणूस. मी घरी एवढंच सांगितलं होतं, की तो कॉम्प्युटरमधे आहे. ह्यात खोटं काही नव्हतं. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर अप्पांनी आपल्या मनानं केलं, मग गल्लीत सांगितलं, मग परभणीभर सांगितलं. मी फक्त दुरुस्ती केली नाही. कारण पोरगा मालवणकडचा, साळसकर, सकाळ-संध्याकाळ मासे खाणारा. आम्ही लिंगायत. आमच्या घरात चुकून अंडं आलं तर आई अंड्यासकट टोपली आणि टोपलीसकट आणणारा बाहेर काढील. त्यात निदान इंजिनिअर तरी असू दे, म्हणून मी गप्प बसले होते.

बरं, लग्नाबाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द अप्पांचा नसतो. तो भागाआत्याचा. अप्पांची थोरली बहीण, अप्पांना आईच्या जागी. ती म्हणाली होती, “महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलवा त्याला. मी बघते जेवतो कसा, बोलतो कसा. मग ठरवू.” ती ‘नाही’ म्हणाली असती, तर अप्पांनी वर मान करून एक शब्द काढला नसता आणि मला अप्पांना सोडून पळून जायचं धाडस नव्हतं. एवढं सगळं त्या एका दिवसावर होतं.

जेवण झकास झालं. प्रथमेशनं सोळा भाज्यांमधली एकही टाकली नाही. आंबील दोनदा मागितली. आत्यानं मान डोलावली. आणि तेवढ्यात अप्पांनी टीव्ही लावला.

आत्याची नात रेणू. राज्याच्या खो-खो संघात तिची निवड झाली होती आणि त्या दिवशी चार वाजता राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम मॅच होती. मॅच साध्या टीव्हीवर नव्हती, इंटरनेटवर दाखवणार होते. त्यासाठी अप्पांनी टीव्हीच्या मागं लावायची ती काडी खास मागवली होती. आत्यानं त्यासाठी नवा चष्मा केला होता. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि काडी म्हणत होती, काहीतरी चुकले.

“पाहुणे, तुम्ही बघा आता,” अप्पा म्हणाले. “तुमच्या हातचा मळ हाय हा. इंजिनिअर माणूस.”

प्रथमेशनं रिमोट असा हातात घेतला, की जणू त्याच्या हातात कुणी दुसऱ्याचं तान्हं पोर दिलंय. त्यानं काडी काढली, पुसली, परत घातली. काहीतरी चुकले. टीव्ही बंद करून चालू केला. काहीतरी चुकले. मग पासवर्ड परत टाकायला सांगितला यंत्रानं. अप्पांनी पासवर्ड ठेवला होता त्यांच्या चार बदल्यांच्या गावांची नावं जोडून, जिंतूर-सेलू-मानवत-पाथरी, इंग्रजीत. रिमोटच्या बाणानं एकेक अक्षर शोधत प्रथमेश मानवतपर्यंत आला आणि आत्या म्हणाली, “आरं, सेलूच्या आधी पूर्णेला होतास की तू, मन्म्या.” अप्पा विचारात पडले. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पूर्णा पासवर्डमधे नव्हतीच.

“काहीतरी चुकले!” अप्पा आता दात-ओठ खात वाचत होते. “चूक कुणाची ते सांगायची धमक नाही. उलट आपल्यालाच म्हणतंय, प्रयत्न करा. ह्या लिहिणाऱ्याला माझ्या हाताखाली पाठवा एक महिना!”

मग कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. घरात मोबाईलला रेंज येत नाही, म्हणून मी गच्चीवर उभी राहून तिकडच्या बाईचं ऐकायची आणि जिन्यातून ओरडून खाली सांगायची.

“अप्पा, ती विचारतीय, इंटरनेटच्या डबीवर कुठला दिवा लागलाय?”

“डबी महालक्ष्म्यांच्या मागं हाय!” खालून आवाज आला. “दिसंना नीट!”

पुढच्या खोलीत कोपऱ्यात आमच्या महालक्ष्म्या उभ्या राहतात, पणजीच्या काळापासून तिथंच. श्रावणात इंटरनेटवाला आला तेव्हा कोपरा मोकळा होता, त्यानं त्याच कोपऱ्यातल्या फळीवर डबी बसवली. मग महालक्ष्म्या आल्या. टीव्ही मधल्या खोलीत गेला आणि डबी त्यांच्या पाठीमागं राहिली.

“हिरवा!” प्रथमेशचा आवाज आला. “पदराआडून हिरवा दिसतोय!”

“म्हणतीय हिरवा म्हणजे ठीक हाय. डबी बंद करा, तीस आकडे मोजा आणि चालू करा.”

आता डबीचं बटणही मागंच. अप्पा म्हणाले मेनच बंद करतो. आत्या कडाडली, “लक्ष्म्यांसमोर अंधार करतोस?” अप्पा म्हणाले, अक्का, ऊन पडलंय, समई तेवायलीय, कसला अंधार? आत्या समईला हात आडवा धरून बसली आणि तीस आकडे तिनंच मोजले, पण सावकाश, माळ जपावी तसे. आतून आईचा मिक्सर बंद पडला म्हणून आई वेगळी ओरडायला लागली. मेन चालू झाला. आराशीतल्या दिव्यांच्या माळा लुकलुकल्या. टीव्ही उठला आणि म्हणाला, काहीतरी चुकले.

गच्चीवर ती बाई मला म्हणाली, “मॅडम, अजून काही मदत करू शकते का?” मी फोन ठेवला. नाहीतर तिला जन्माची आठवण राहील असं काहीतरी बोलले असते.

खाली आले तेव्हा साडेतीन वाजले होते. आत्या चष्मा पुसत टीव्हीसमोर बसली होती. अप्पा येरझाऱ्या घालत होते. “पाहुणे, होईल ना? तुमच्यासारखा इंजिनिअर घरात असून अक्काची मॅच हुकली, तर मी तोंड कसं दाखवू?”

प्रथमेशनं रिमोट खाली ठेवला. मी त्याला डोळ्यांनी सांगत होते, नको. नको म्हणजे अजिबात नको. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

“अप्पा, मी इंजिनिअर नाही,” तो म्हणाला. “मला ह्यातलं तुमच्याइतकंसुद्धा कळत नाही. मी मराठीचा एम. ए. आहे. आणि ते वाक्य आहे ना, तुम्ही मघापासून वाचताय ते, ते माझं आहे.”

“तुझं म्हणजे?”

“मी लिहिलेलं. ते इंग्रजीतनं येतं, मी मराठीत करतो. त्यांना म्हटलं होतं, नीट कारण लिहू या. ते म्हणाले, कारण आम्हालाही माहीत नसतं.”

आत्या माझ्याकडं वळली. “लीले, तू इंजिनिअर म्हणलीस.”

“मी नाही म्हणले, अप्पा म्हणले.” मग मला माझीच लाज वाटली. “पण मी ‘नाही’ असंही नाही म्हणले. घाबरले मी आत्या. तुम्ही नको म्हणाल म्हणून घाबरले.”

“मंजी मास्तर हाय का हा?” आत्यानं विचारलं.

“मास्तरही नाही,” प्रथमेश म्हणाला. इतका प्रामाणिकपणा माणसात असू नये. निदान ‘हो’ तरी म्हणायचं!

मला वाटलं, आता अप्पा उठतील आणि त्याची बॅग बाहेर ठेवतील. अप्पा उठले. त्यांनी धोतर खोचलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आठ महिन्यांत, म्हणजे ते रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा, असा काही आनंद बघितला की मी चाटच पडले.

“मग आधी का न्हाई सांगितलंस?” ते म्हणाले. “मी आपला इंजिनिअर बसलाय म्हणून हात बांधून उभा! सरक तिकडं. फॉल्ट रिमोटनं शोधतेत का कधी? लाइन जिथनं सुरू होती तिथनं चालत यायचं, खांबाखांबानं. तुझा फोन घे. त्यात इंटरनेट किती आलं ते कळतंय का?”

“कळतं. ह्या कमानी भरलेल्या असल्या की चांगलं.”

“चल.”

दोघं पुढच्या खोलीत गेले. मीही मागं. महालक्ष्म्यांच्या उजव्या बाजूला भिंतीला चिकटून प्रथमेशनं फोन धरला. “पूर्ण आहे अप्पा.” एक पाऊल पुढं. “पूर्ण.” अप्पा त्याला खांद्याला धरून चालवत होते, आंधळ्याला रस्ता पार करून द्यावा तसे. लक्ष्म्यांच्या बरोबर समोर आले. “एकच कमान राहिली.” मधल्या खोलीचं दार. “गेलं.” एक पाऊल मागं. “एक.” बाजूला. “पूर्ण!”

अप्पा थांबले. त्यांनी महालक्ष्म्यांकडं बघितलं. दोन पत्र्याच्या कोठ्या, छातीएवढ्या, गळ्यापर्यंत गहू भरलेल्या. त्यांना पैठण्या नेसवलेल्या, वर मुखवटे. भोवती आरास म्हणून आईनं घरातल्या झाडून सगळ्या पितळी घागरी रचलेल्या.

“एवढ्या पत्र्यातनं आणि गव्हातनं काय येतंय डोंबल,” अप्पा हळूच म्हणाले. “फॉल्ट सापडला रे.”

“मग कोठ्या चार बोटं पुढं घेऊ या की,” प्रथमेश म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

मी आणि अप्पा दोघांनी एकदमच त्याचा हात धरला. बिचाऱ्याला काय माहीत! त्यांच्याकडची गौर निराळी. आमच्याकडं एकदा लक्ष्म्या बसल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना तसूभर हलवायचं नाही. हलवणं हेच विसर्जन. तिसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून मुखवटा जरासा हलवतात, की त्या गेल्या. जेवणाच्याच दिवशी त्यांना हलवायचं म्हणजे ताटावरून उठवून घराबाहेर घालवायचं.

“आता अक्काला सांगावं लागंल,” अप्पा म्हणाले. ते दारापर्यंत गेले. एकतीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस दारात उभा राहून चुळबुळला आणि म्हणाला, “अक्का, ते जरा काहीतरी अडचण हाय. बघायलोत आम्ही.”

प्रथमेशनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी प्रथमेशकडं बघितलं. “हसू नको,” अप्पा म्हणाले.

पावणेचार. टीव्ही पुढच्या खोलीत आणावा, तर टीव्हीची पाठ लक्ष्म्यांकडं नाहीतर आपली पाठ. फोनवर बघावी, तर आत्याला रेणू मुंगीएवढी दिसणार. “डबीच बाहेर काढू,” अप्पा म्हणाले. “इंटरनेटवाल्याला मी दोन हात वायर जास्त सोडायला लावली होती. तो हसला होता मला. मधल्या दारावरच्या खिळ्याला टांगली की झालं. पण मागं हात कसा घालायचा?”

प्रथमेश म्हणाला, “काठी आहे का लांब? आकडा असलेली?”

शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी परसात होती. प्रथमेशनं ती घेतली, भिंतीला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि घागरींच्या वरून ती आत सोडली. “लहानपणी खाडीत गळ टाकायचो आम्ही,” तो पुटपुटला. आईनं मासा हा शब्द ऐकू येणार की काय म्हणून घाईघाईनं लक्ष्म्यांपुढं हात जोडले.

“लागली. वायरीला लागली. अप्पा, हळू ओढतो. वर येतेय.”

“ढील दे. ढील दे की! हां. आता घे.” अप्पा स्टुलावर चढले होते. डबी पदराच्या वर आली, दिवा लुकलुकत. अप्पांनी वाकून हात लांबवला. “आली, आली माय माझी!” त्यांनी डबी पकडली, दारावरच्या खिळ्याला अडकवली आणि विजयानं वळले. वळताना त्यांचं कोपर ज्येष्ठेच्या, म्हणजे थोरल्या लक्ष्मीच्या, खांद्याला लागलं.

घागरी खणखणल्या. कोठी जागची डुलली आणि थांबली. पडली नाही. पण मुखवटा फिरला. कालपासून अंगणाच्या दाराकडं बघणारी लक्ष्मी आता मधल्या खोलीच्या दाराकडं बघत होती.

आईच्या हातातला तांब्या पडला. अप्पा स्टुलावर तसेच, हात वर केलेले. मला रडूच फुटलं. माझं लग्न गेलं ते गेलं, पण वर्षाची लक्ष्मी आमच्या घरातून अर्ध्यावर गेली, आणि माझ्या पायी गेली, असं मला वाटलं.

“काय पडलं?” आत्या दारात आली. तिनं लक्ष्मीकडं बघितलं. “कुणी हलवली?”

“माझ्याकडनं झालं,” प्रथमेश म्हणाला. आकडी हातातच होती त्याच्या. “काठी लागली, आत्या. चूक माझी आहे.”

“न्हाई अक्का!” अप्पा वरून ओरडले. “त्याची न्हाई. माझं कोपर लागलं!”

“माझं चुकलं,” मी रडत म्हणाले. “सगळं माझ्यामुळं झालंय.”

“तुझा काय संबंध? तू तर लांब होतीस!” अप्पा माझ्यावर खेकसले.

“अप्पा, तुम्ही बोलू नका, काठी माझ्या हातात होती.”

“आरं, पण कोपर माझं होतं!”

आणि त्या गलक्यात मधल्या खोलीतून कुणीतरी परका माणूस मोठमोठ्यानं बोलायला लागला. टाळ्या, शिट्ट्या, आणि तो आवाज सांगत होता, महाराष्ट्राच्या मुली मैदानात उतरल्या आहेत.

आत्या गर्रकन वळली. टीव्हीवर हिरवंगार चित्र, काचेसारखं स्वच्छ, आणि त्यात खांबाजवळ गुडघ्याला पट्टी बांधलेली आमची रेणू. आत्यानं चष्मा सारखा केला. मग तिनं मान वळवून लक्ष्मीकडं बघितलं. लक्ष्मीच्या नजरेच्या रेषेत, उघड्या दारातून, बरोबर टीव्ही होता.

“गप बसा सगळे,” ती म्हणाली. “हलली न्हाई ती. मॅच बघायला वळलीय. मन्म्या, उतर खाली.”

आणि ती जाऊन पाटावर बसली. तिच्यापुढं कोण काय बोलणार? तिनं एकदा सांगितलं की लक्ष्मी वळली, म्हणजे वळली. आईनं डोळे पुसले आणि लक्ष्मीपुढचं फुलोऱ्याचं ताट मुकाट्यानं तिच्या नव्या तोंडासमोर सरकवलं.

रेणू तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली. खांबाला असे वळसे घातले तिनं, की समोरची पोरगी दोनदा उताणी पडली. आत्या जागच्या जागी अशी झुकायची, की रेणूबरोबर हीच पळतेय. शेवटी आपण दोन गुणांनी हरलो. “हरल्या तर हरल्या,” आत्या म्हणाली. “पोरगी दिसली. डोळे भरून दिसली.” आणि पदरानं चष्म्याखालचे डोळे पुसत राहिली.

लग्नाचं मात्र ती चकार शब्द बोलली नाही. रात्रीच्या आरतीला नाही, जेवताना नाही. प्रथमेशची रात्री उशिराची गाडी होती. तो बॅग घेऊन पाया पडायला वाकला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आज जायचं न्हाई. उद्या काम हाय.” अप्पांना वाटलं, टीव्हीचंच काहीतरी असेल. मी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी मॅच नव्हती, टीव्ही व्यवस्थित चालू होता, मग कसलं काम?

दुसऱ्या दिवशी दुपारी खीर-कानवल्याचा नैवेद्य झाला. आरती झाली. आईनं सुताच्या गाठी पाडून घेतल्या. लक्ष्म्यांना निरोप द्यायची वेळ आली तसे अप्पा दरवर्षीप्रमाणे हात धुऊन, टोपी घालून पुढं झाले. मुखवटा हलवायचा मान घरच्या कर्त्या माणसाचा.

“थांब मन्म्या,” आत्या म्हणाली. “तू बाजूला हो. तुझी काल हलवून झाली की.”

अप्पांचा चेहरा एवढासा झाला. “तिघांतलं माझंच खरं मानलंस व्हय, अक्का?”

“स्टुलावर कोण होतं, ते दिसत होतं मला. नवा चष्मा हाय.” मग तिनं दारात अंग चोरून उभ्या असलेल्या प्रथमेशला हाक मारली. “तू ये. हात धुतलेस का? ये, हलव.”

प्रथमेश दोन पावलं मागंच सरला. “आत्या, मी नको. तुमच्याकडची रीत असेल, मला माहीत नाही.”

“रीत एवढीच हाय, की परक्याचा हात लागू देत न्हाईत. घरच्यानंच हलवायची असती,” आत्या म्हणाली. “ये लवकर, मुहूर्त चाललाय.”

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, प्रथमेशच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला जागा द्यायला बाजूला सरकले.